शंभराला शंभर

नेपाळची यात्रा सुखरूप झाली म्हणून चंपतरावांनी मावंदं घातलं होतं. अंगणात दोन पंगती उठून तिसरी बसली होती. एरवी पाहुण्याच्या चहात साखर घालताना हात आखडणारे हे किराणा दुकानदार आज "वाढा, वाढा" करत फिरत होते. गल्लीतल्या आठ बायांना आपल्या भरवशावर परदेशात नेऊन आणलं, हे प्रत्येक पंगतीला नव्यानं सांगून झालं होतं. त्यांची बायको सोजरबाई पुरणाच्या पोळ्या वाढत होती, आणि खरं सांगायचं तर तिलाही नवऱ्याचं कौतुकच वाटत होतं.

शेजारची लक्ष्मीबाईही यात्रेला सोबत होती. विधवा बाई, भाजीच्या वाफ्यांवर पोट चालवणारी. सोजरबाईनं तिच्या पानात दुसरी पोळी टाकली.

"पोटभर खा वं बाई. तिकडं तर नुसते मुरमुरे खाऊन राह्यली होती."

"काय करू, सोजरबाई? चहासुद्धा केवढा महाग! दोन हजार नेले होते, ते किती पुरतीन? आमच्या मालकाच्या नावानं अभिषेक करावा म्हनून तर गेली होती. त्याले पाचशे लागत होते, माह्याजवळ चारशेच उरले. देवळाच्या दारातून वापस आली मी."

"अवं, पन आपल्या दोन हजाराचे तिकडं बत्तीसशे होतात!"

"ते कसे? चंपतभाऊनं तर आमाले शंभराला शंभरच देल्ले."

सोजरबाईनं स्वतः तिकडे शंभराच्या बांगड्या घेऊन आपली शंभराची नोट दिली होती, तेव्हा दुकानदारानं बांगड्या देऊन वर साठ रुपये परत केले होते. आपल्या शंभराचे तिकडं एकशे साठ होतात, हे चंपतरावांनीच तिला समजावलं होतं. आणि सीमेवर सगळ्या बायांचे पैसे गोळा करून बदलून आणणारेही तेच. शी! बाया चहा टाळून गाडीत पाणी पीत बसायच्या आणि हा माणूस त्यांच्यासमोर ढाब्यावर दोन-दोन समोसे हाणायचा. तिनं पोळ्यांचं ताट धाडकन खाली ठेवलं.

"अवो, इकडं या! बायांच्या पैशातून शंभरामागं साठ काऊन खाल्ले तुमी?"

"पंगतीत काय हे? मागून बोलू."

"आत्ताच बोला."

"मंग? आठ बायांची उठाठेव फुकट करू काय? मले हमाली नाई लागत?"

ना लाज ना शरम. अशा माणसाशी आपण इतकी वर्षं संसार केला, याचीच तिला किळस आली.

"थू तुमच्या हमालीवर!" ती पंगतीकडे वळली. "खा वं बायांनो, लाजू नका. तुमच्याच पैशाचं पुरन हाय."

जेवणारे हात थांबले. चंपतरावांनी रागारागानं खिशात हात घातला, अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजल्या आणि लक्ष्मीबाईच्या पानाशेजारी टाकल्या. साडेसातशे. तिकडचे बाराशे, म्हणजे आपल्या रुपयांत तिचे नेमके तेवढेच खाल्ले होते. हिशेब तोंडपाठ होता मेल्याचा!

"घ्या. झालं समाधान?"

लक्ष्मीबाईनं नोटांना हात लावला नाही. अर्ध्या जेवणातून ती उठली.

"भाऊ," ती म्हणाली, "आता हे घेऊन मी कोनत्या देवळात जाऊ?"