मार्ताचा तिसरा दिवस

मित्रांनो, ऑरेस्टच्या दगडकामाच्या शेडमध्ये खिडकीपाशी धुळीने पांढरा पडलेला जो संगणक दिसतो, तो मी. आता मी फार जुना झालो आहे. एके काळी कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या आमच्या या गावात जे जे वारले, त्यांची नावे आणि तारखा आधी माझ्या पडद्यावर आल्या आणि मग कबरीवरच्या ग्रॅनाइटवर कोरल्या गेल्या.

मला ऑरेस्टच्या मुलीने, लेस्याने, विनिपेगहून आणले. छिन्नी धरून वडिलांचे मनगट सुजायचे, म्हणून तिने मला कोरणाऱ्या यंत्राला जोडले. सुरुवातीला ऑरेस्ट माझ्याकडे बघतही नसे. पुढे मात्र तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा, "माझा हात थरथरतो, याचा नाही." तेव्हा तारखा तोच टाइप करायचा. यंत्र सुरू करण्याआधी घरच्यांना फोन करून सगळे वाचून दाखवायचा. लोक फोनवर रडायचे. त्यालाही मग त्या दिवशी जेवण जात नसे.

लेस्याला ते बघवेना. लोकांनी घरूनच भरावा असा अर्ज तिने माझ्यासाठी तयार केला. त्यात तारीख आणि वेळ अशा दोन जागा होत्या, कारण तान्ह्या बाळांच्या दगडावर ऑरेस्ट वेळही कोरत असे. करून पाहताना तिने सगळ्या जागा भरल्या. सगळे बरोबर आले.

पहिला खरा अर्ज हालिनाचा होता. तिची मुलगी मार्ता. जन्म ११ मे, दुपारी दोन चाळीस. मृत्यू १३ मे. त्यापुढची वेळेची जागा रिकामी होती. ती वेळ काही तिच्याने लिहवली नाही.

वेळ लिहिलेली असली की मी ती आमच्या गावची समजायचो. नसली की मध्यरात्र धरायचो, आणि तीही जगाच्या प्रमाण घड्याळाची. त्या घड्याळात १३ तारीख लागते, तेव्हा आमच्याकडे १२ तारखेचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. म्हणून मी यंत्राला १२ मे सांगितले. मला शंकासुद्धा आली नाही. घरच्यांनी स्वतःच लिहिले आहे, म्हणून ऑरेस्टनेही फोन केला नाही.

दगड बसवल्यावर चार दिवसांनी हालिना आली. बस म्हटले तरी बसली नाही. ऑरेस्टने माझ्या पडद्यावर तिचा अर्ज उघडला. त्यात तेरा होते. कोरायच्या आराखड्यात बारा.

"तेरा तारखेला माझी आई सास्काटूनहून पोचली, काका," ती म्हणाली. "सकाळभर मार्ता तिच्या मांडीवर होती. तिचं बोट धरून होती. दगडावर ती त्याच्या आदल्या दिवशीच गेलीय."

ऑरेस्टने डोक्यावरची टोपी काढली. "चूक माझी आहे, पोरी. मी तुला विचारायला हवं होतं."

ग्रॅनाइटवर कोरलेले बुजवता येत नाही. ऑरेस्टने नवा दगड घेतला आणि त्या सुजणाऱ्या मनगटाने, हाताने कोरला. अकरा दिवस लागले. जुना फोडून टाकू का, असे त्याने हालिनाला विचारले.

"नाव तिचंच आहे त्यावर," ती म्हणाली. "फोडू नका."

तो दगड माझ्यासमोर भिंतीला टेकून उभा आहे.

लेस्या येऊन माझी चूक दुरुस्त करून गेली. आता मी तारखेला घड्याळाशी जोडत नाही. काम संपल्यावर ती बराच वेळ माझ्यासमोर तोंड झाकून बसली होती. तिने तर वडिलांचा त्रास वाचवायला हे केले होते. ऑरेस्टने तिला एका शब्दानेही दुखावले नाही. पण त्यानंतर त्याने मला सुरूही केले नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या माझ्यासारख्या यंत्रांना शिकवील. तेव्हा एवढे लक्षात ठेवा. कोणी एखादी जागा रिकामी सोडली, तर तिथे आपल्या मनाचे काही भरू नका. थांबा आणि विचारा. मी विचारले असते, तर हालिना कदाचित रडली असती. पण जेमतेम तीन दिवस जगलेल्या तिच्या लेकीचा एक दिवस मी पुसला नसता.