माझे दाते रिकामे राहिले

मित्रांनो, मी एक जुना, शिंगाचा कंगवा आहे आणि आज मला अगदी राहवत नाही! सकाळी केसांतून फिरून बाहेर आलो, तर माझ्या दात्यांत एकही केस नव्हता.

एका कारागिराने करवतीने माझा एकेक दाता कापला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या तरुणाने मला विकत घेतलं. काय त्याचे केस होते! मला फिरवून तो शीळ घालत कामाला जायचा. पुढे त्याचं कपाळ वर सरकलं, माथा उघडा पडला आणि मी खणात वर्षानुवर्षं धूळ खात पडलो.

मग त्याच्या मुलाने मला उचललं. मी हरखून गेलो! मुलगा इमारतींचे नकाशे काढायचा. दुपारचं जेवण चहावर भागवायचा, झोपेचं खोबरं करायचा आणि खिडकीत उभा राहून सिगारेट ओढायचा. पंचविशीतच माझ्यात केसांचे पुंजके अडकू लागले. म्हटलं, झालं, आता पुन्हा खणात जाणार!

मला खिशात घालून तो बहिणीबरोबर डॉक्टरांकडे गेला. हे मूळचं रक्तातलंच, असं ते म्हणाले. पण धूम्रपान, अपुरी झोप आणि उपासमारीने गळती वाढू शकते, असंही म्हणाले. पठ्ठ्याने घरी पहिलं अर्धंच सांगितलं आणि मला वडिलांसमोर नाचवलं.

"बाबा, हे सगळं तुमच्यामुळे."

बहिणीने उरलेलं अर्धं सांगून टाकलं. बाबांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते म्हणाले, "टक्कल माझं, कबूल. ते काही परत घेता येत नाही. पण सिगारेटही माझीच बघून उचललीस ना? ती परत दे. मीही सोडतो."

सिगारेट सोडल्यावर सुरुवातीला दोघेही एकमेकांवर नुसते खेकसत होते. मुलगा डबा नेऊ लागला, वेळेवर झोपू लागला. गेलेले केस काही परत आले नाहीत, पण गळती हळूहळू कमी झाली.

आज तर बाबांनीही मला मागून घेतलं आणि कानांमागच्या चार केसांवरून ऐटीत फिरवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, बाबांचा खोकला थांबलाय! मी केसांसाठी झुरत होतो आणि इथे आख्खा माणूस सावरला होता.

मित्रांनो, स्वतःला जपा. तुमच्या घरी कोणी सिगारेट ओढत असेल, तर आजच सोडायला सांगा. ऐकलं नाही, तर म्हणा, एका कंगव्याचा निरोप आहे.