बाजोटावरचा पालथा पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाजोट. जेवणाची ताटं ठेवायचा वीतभर उंचीचा चौरंग म्हणा हवं तर. कामरगावच्या बाजारपेठेत अमृतलाल शेठजींचं कापडाचं दुकान आहे, दुकानामागे घर आहे, आणि त्या घरात पश्चिमेच्या खिडकीपाशी मी.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. चारी पाय फरशीवर टेकून राहणाऱ्याला फार गोष्टी कळतात. कोण रागाने बसलं, कोणाचा जीव दाराकडे ओढ घेतो, खोटं बोलताना कोणाचा गुडघा हलतो. म्हणून मी पटकन कोणावर विश्वास टाकत नाही.

मला घडवलं कारंज्याच्या एका सुताराने. रंधा फिरला, सालपटं उडाली, अंगावर तेल चढलं. पानाबाई नवरी होऊन या घरात आल्या, तेव्हा त्यांच्या माहेरच्या सामानात मीही आलो. "लेकीचं जेवण सुखानं व्हावं," एवढंच त्यांच्या आईने मला बजावलं होतं. ते मी विसरलेलो नाही.

हे घर जैनांचं. दिवस मावळला की शेठजींच्या तोंडात अन्न जात नाही, पाण्याचा थेंबही जात नाही. चाळीस वर्षांचं व्रत आहे त्यांचं. सूर्यास्ताआधी अर्धा तास सगळे माझ्याभोवती बसायचे. शेठजी खिडकीशी तळहात धरायचे, हातावरच्या रेषा नीट दिसतात ना ते बघायचे आणि मग पहिला घास घ्यायचे. शेवटी ताटात पाणी घालून, बोटाने ताट विसळून ते पाणी पिऊन टाकायचे. शीत वाया नाही, कण वाया नाही. माझ्या पाठीवर किती हसणं सांडलं त्या दिवसांत! मुलगा मयंक लहान होता, कढी सांडायचा. पानाबाई रागवायच्या आणि पदराने मलाच पुसायच्या. पाहुणे म्हणायचे, "शेठजी, बाजोट मोठा नामी हाये!" तेव्हा मी लाकूड असूनही फुलून यायचो.

भाजी आणायची गोजराबाई. तिचा मळा गावाला लागूनच आहे. कांदे-मुळे टोपलीच्या तळाशी झाकून ठेवल्याशिवाय ती या दारात यायची नाही, इतकी तिला या घराची रीत माहीत. पायरीवर बसून चवळीच्या शेंगा निवडून देताना ती गुणगुणायची,

दिवस कलला माय, पाखरू घरी आलं
चुलीच्या उजेडात, माहं गोत गोळा झालं

मग शेठजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तळहाताच्या रेषा दिसेनात. दुसरा डोळाही धूसर होत गेला. "आता मले दिवस कोण सांगन?" असं ते एकदा हळूच म्हणाले. मयंकने ते ऐकलं. दिवाळीनंतर तो लग्नसराईचा माल आणायला मुंबईला गेला होता, तिथूनच त्याने नवा मोबाइल आणला. म्हणाला, "बाबूजी, यात पंचांग हाये, रोजचा सूर्यास्त दिसते. मिनटामिनटाचा हिशोब. आता खिडकीची गरज नाई."

असा तो पाहुणा माझ्या पाठीवर येऊन बसला. बसला म्हणजे काय, पालथा निजला. पाहुणा आला की तोंड दाखवतो, हा पाठ दाखवायचा. माझा संशय तिथूनच सुरू झाला.

वर गुळगुळीत, आत सतत काहीतरी गुरगुरणारा. तो गुरगुरला की माझ्या अंगातून थरथर जायची आणि चारही ताटांतली वरणं हलायची. मयंक त्याला उलटा करायचा, "वेळ पाहतो," म्हणायचा. वेळ पाहायला एक निमिष पुरतं. मयंकला पाच मिनिटं लागायची. मधेच त्याचा अंगठा वर सरके, ओठ हसत. कोणाला हसतो? माझ्याभोवती बसलेल्यांपैकी कोणीच तर काही बोललेलं नसे!

त्याची बायको रुचा भाकरी वाढता वाढता त्या उजेडाकडे तिरपं पाहायची. एके दिवशी तिने विचारलंच.

"कोणाशी बोलून राह्यले जी?"

"कोणाशी नाई. सुरतच्या व्यापाऱ्यानं साड्या पाठवल्या. फोटो."

"साड्या पाहून कोणी इतकं लाजते का?"

पानाबाई हसल्या, पण हसू गालावर टेकलं नाही. दुसऱ्या दिवशी रुचानेही आपला मोबाइल आणून माझ्या पाठीवर ठेवला. आता दोन पालथे पाहुणे. मधे शेठजी एकटेच बोलायचे. "आज तुरीचे भाव काय झाले रे?" मयंकचा अंगठा सरकत राही. "भाजीत मीठ बरं पडलं आज." रुचा आपल्या मोबाइलकडे पाहत राही. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांना वाटायचं, पोरं घासात रंगली असतील.

आणि रोज एक वाक्य. शेठजी म्हणायचे, "मयंक, उरकावं काय?" मयंक मान वर न करता म्हणायचा, "अजून दहा मिनटं हायेत बाबूजी. सावकाश जेवा."

दहा मिनिटं! मित्रांनो, मी खिडकीपाशी असतो. उन्हाचा तुकडा माझ्या कडेवरून उतरतो, फरशीवर जातो, भिंतीवर चढतो आणि विझतो. तो कधीच विझलेला असायचा. खोलीत ट्यूबलाइट लागलेला, खिडकीची काच काळवंडलेली, आणि हा म्हणतो दहा मिनिटं आहेत! बाकीचे ट्यूबलाइटच्या उजेडात बसलेले, मोबाइल सांगतो म्हणजे खरंच असेल, असं धरून चालायचे. मी लाकूड. ओरडणार कसा? नुसता कुरकुरलो. पानाबाई म्हणाल्या, "बाजोटाचा पाय ढिला झाला वाटते," आणि पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून मोकळ्या झाल्या.

मग एके दिवशी गावचा बाजार होता. गोजराबाई आपली रिकामी टोपली ओसरीवर ठेवून गेली होती, ती न्यायला आली. शेठजींचं जेवण झालं होतं. ताटात पाणी घालून, विसळून, ताट ओठांशी नेलं होतं.

"आवं माय!" दारातूनच ती म्हणाली. "शेठजी, दिवस बुडला ना! तुमी आता जेवून राह्यले?"

शेठजींचा हात तसाच थांबला.

"नाई मावशी," मयंक म्हणाला. "अजून सहा मिनटं हायेत."

"कोणाचे मिनटं बाप्पा? माह्या डोक्यावरून बगळे गेले घरी. सडकेचे लाइट लागले. बाहीर येऊन पाय."

"मोबाइलवर हाये नं..."

"त्या डब्ब्यातला दिवस कोन्या गावचा हाये, थे पाय पयले!"

मयंक हसायला गेला. मग त्याने खरंच पाहिलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत गावाचं नाव होतं. मुंबई. मोबाइल तिथे घेतला, पंचांग तिथेच सुरू केलं, आणि गाव बदलायचं राहून गेलं. मुंबई आपल्या पश्चिमेला. तिथे सूर्य आपल्यापेक्षा वीसेक मिनिटं उशिरा मावळतो.

शेठजींनी ताट खाली ठेवलं. पाणी हिंदकळून माझ्यावर सांडलं. कोणी पुसलं नाही.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"एकवीस," रुचा म्हणाली.

पानाबाई मुलाकडे वळल्या. "मयंक, खरं सांग. गिऱ्हाइकी सोडून लवकर उठा लागू नये म्हणून तं केलं नाई नं तू हे?"

ताटातला घास ताटात राहिला. आईने मुलावर असा संशय घ्यावा, असं माझ्या पाठीवर कधी झालं नव्हतं. शेठजी आंधळ्या डोळ्यांनी मुलाचा चेहरा शोधत होते. चाळीस वर्षांचं व्रत मोडलं होतं, पण त्याहून मोठं काहीतरी मोडतं की काय, याची त्यांना भीती वाटत होती.

"तुले माईत होतं?" त्यांनी विचारलं.

"नाई बाबूजी." मग मयंकने पुढचंही सांगून टाकलं. "पण परवा खिडकीत पाहिलं तं अंधार वाटला. मले शंका आली."

"मंग?"

"मंग मी मोबाइल पाहिला. मले आभाळाची शंका आली, मोबाइलची नाई आली."

गोजराबाईने टोपली कमरेवर घेतली आणि म्हणाली, "चुकलं तं चुकलं. पोरगं खोटं नाई बोललं, इतकं पाहा शेठजी." आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी प्रायश्चित्ताचा उपास धरला. मयंक म्हणाला, "मीबी करतो." शेठजी म्हणाले, "उपास सोपा हाये. तू दुसरं काम कर. माहे डोळे गेले. रोज दारात उभा राह्यजो, दिवस पाह्यजो, अन् मले तोंडानं सांगजो. तुह्या तोंडानं."

तेव्हापासून मयंक दुकानाचं अर्धं शटर ओढून वेळेआधी दारात जातो. "बाबूजी, सूर्य कडुनिंबाच्या शेंड्यावर हाये. लाल झाला. बसा आता." एवढं सांगताना त्याला आभाळाकडे पाहावं लागतं आणि मग बापाकडे. दोन्ही मोबाइल जेवणाच्या वेळी दुकानातल्या फळीवर असतात. रुचाला आता त्या उजेडाकडे तिरपं पाहावं लागत नाही.

माझा संशय मात्र गेलेला नाही. काल जेवताना फळीवर काहीतरी गुरगुरलं. मयंकचा उजवा हात घासाशी होता, डावा जमिनीवर टेकून उठू पाहत होता. शेठजींना दिसलं नाही. मला कळलं. पण तो हात पानाबाईंच्या ताटाकडे वळला. "आई, कढी घे नं थोडी," मयंक म्हणाला. पानाबाईंनी वाटी पुढे केली.

मित्रांनो, उद्या तो हात कुठे वळेल, मला ठाऊक नाही. तुमचा कुठे वळतो, तेही ठाऊक नाही. म्हणून सांगतो. चार माणसांत जेवायला बसाल तेव्हा त्या पालथ्या पाहुण्याला पंगतीत घेऊ नका. आणि मनात काही शंका आली, तर मान वर करा, समोर बसलेल्या माणसाला विचारा. तो तुमच्यासाठी घास हातात धरून थांबलेला असेल.