लिफ्टमधलं गाणं

लग्नात नाचायचं म्हणून जोडपी मास्तरांकडे यायची ती गाणंही ठरवून आणि नाचही ठरवून. मास्तर दोन्ही ऐकून घ्यायचे आणि नाच बदलायला लावायचे. "कुठला नाच शोभेल ते गाण्याला विचारायचं, नवरदेवाला नाही," हे त्यांचं ठाम मत. एकतीस वर्षांत ते कुणी हलवलं नव्हतं. हलवलं ते एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यानं.

तो आणि त्याची होणारी बायको एका संध्याकाळी क्लासवर आली. क्लास म्हणजे टायरच्या दुकानावरचा लांबट हॉल, एका भिंतीला आरसे, आणि दाराशी खुर्ची टाकून विणत बसलेली मास्तरांची थोरली बहीण. ताईकडे दोन कामं होती: गाणी लावणं आणि न विचारता मत देणं.

मुलीनं फोन ताईच्या हातात दिला. गाण्याला शब्द नव्हते. पिपाणीसारखं काहीतरी गुळमुळीत वाजत राहिलं आणि थोड्या वेळानं एक बाई शांतपणे म्हणाली, "कृपया दरवाजापासून दूर उभे राहा." मग पुन्हा पिपाणी.

मास्तर नकळत दोन पावलं मागे सरकले.

"लिफ्टमधलं आहे, सर," मुलगी म्हणाली. ती कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. लॅबच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये ती तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये पावणेदोन तास अडकली होती. हा बाहेरून खटपट करत होता आणि ती घाबरू नये म्हणून बोलत होता. "दार उघडेपर्यंत माझं ठरलं होतं. तोंड नंतर बघितलं."

"आणि बघितल्यावर?" ताईनं विचारलं.

"चालेल म्हटलं."

"बरं, ती बाई तरी काढून टाकू," मास्तर म्हणाले.

"नको, सर," मुलगा पहिल्यांदाच बोलला. "ती मध्ये बोलायची म्हणून मी गप्प बसायचो. नाहीतर भलतंच काही बोलून बसलो असतो."

मास्तरांनी कंबर कसली. आधी वॉल्ट्झ करून बघितला. पण वॉल्ट्झ तीन मात्रांचा आणि पिपाणी चारची, त्यामुळे पाय एका लग्नाला आणि सूर दुसऱ्याच लग्नाला निघाल्यासारखे दिसायला लागले. टँगोला नजरेत जरा राग लागतो. मुलाच्या चेहऱ्यावर मात्र उशिरा पोचल्याबद्दलची कायमची दिलगिरी. साल्सात मुलीनं कंबर हलवली, मुलानं फक्त भुवया. शिवाय समोरासमोर उभं राहिलं की दोघांना हसू फुटायचं आणि पायांवर पाय पडायचे.

"यांना नुसतं उभं कर," ताई म्हणाली. "उभे छान दिसतात."

चौथ्या दिवशी मास्तरांचं डोकं फिरलं. "हसायचंच असेल तर एकमेकांकडे पाठ करून उभे राहा."

दोघं मुकाट्यानं पाठीला पाठ लावून उभे राहिले. ताईनं कुणी न सांगता पिपाणी लावली.

"डावीकडे येतोय," मुलगा हळूच म्हणाला.

"ये," मुलगी म्हणाली.

आणि दोघं निघाले. लांब, सरकती पावलं, कुठे धक्का नाही, कुठे अडखळणं नाही. "आता वळतोय," तो म्हणायचा, तोवर ती वळलेली असायची. कृपया म्हणणारी बाई आली तसे दोघं एकदम थांबले, ती गेली तसे पुन्हा निघाले. ताईच्या सुया थांबल्या.

"हा कुठला रे?"

"फॉक्सट्रॉट," मास्तर म्हणाले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "पाठमोरा."

"असा असतो?"

"नसतो."

"मग आता असू दे."

मास्तरांनी तोच बसवला. फक्त शेवटच्या सोळा मात्रांसाठी वळून समोरासमोर यायचं, हातात हात घ्यायचा, एवढा हट्ट सोडला नाही. "निदान तेवढं तरी शिकवल्यासारखं दिसू दे," ते म्हणाले. हसू येऊ नये म्हणून एकमेकांच्या कानाकडे बघायची युक्ती काढली. तालमीत ती लागू पडली.

लग्नाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. पिपाणी सुरू झाली तशी कुजबुज उठली. बाईचा आवाज आल्यावर मुलीच्या मामांनी खुर्चीसकट दारापासून लांब सरकून घेतलं आणि शेजारच्यांनाही सरकवलं. पण दोघं पाठमोरे सरकायला लागले, मानही न वळवता एकमेकांना बरोबर सापडत राहिले, आणि हळूहळू हॉल गप्प झाला. मास्तरांची छाती फुगली.

मग शेवटच्या सोळा मात्रा आल्या. दोघं वळले. कान राहिला बाजूला, त्यांनी थेट एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं, आणि खो खो हसत तिथेच उभे राहिले. एक पाऊल उचललं नाही. हातात हात तेवढे होते.

"गेलं तुझं शिकवणं," ताई डोळे पुसत म्हणाली.

मास्तर ओठातल्या ओठात मोजत होते. त्यांनी सोळापर्यंत मोजून घेतलं, आणि मग तेही टाळ्या वाजवायला लागले.