हाताला गार लागलेली भट्टी

धोंडीचा जीव पाण्याने घेतला, आणि साहेब, पाणी ओतायचा हुकूम तुमचा होता. दारूचं नाव पुढे करू नका. म्हशाच्या जत्रेतसुद्धा तो माणूस थेंबाला शिवला नव्हता.

त्रेचाळीस साल होतं. लढाईपायी पेट्रोल मिळेनासं झालं आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या. टोकावड्याच्या वरच्या रानात कोळशाच्या भट्ट्या वाढल्या. भट्टी म्हणजे पुरुषभर खोल खड्डा, आत रचलेली लाकडं, वर पाला नि माती. आत धुमसून लाकडाचा कोळसा झाला की सगळी भोकं लिंपायची आणि गप बसायचं. विस्तव आपला आपण गुदमरून मरतो. धोंडी मातीवर पंजा टेकून बघायचा. "हाताला सोसवलं की भट्टी निजली," म्हणायचा. त्याच्या हाताने त्याला कधी फसवलं नव्हतं.

जंगलखात्याचे साहेब म्हणून तुम्ही आलात ते पाठीला कोळशाची टाकी बांधलेल्या मोटारीतून. "भट्टी निजेपर्यंत लढाई थांबणार आहे का? पाणी ओता."

"सायेब, भट्टीला पानी दावत नाय आमी. बापजाद्यांनी कधी दावलं नाय."

"तुझ्या बापजाद्यांनी मोटार तरी पाहिली होती का?"

घागरी ओतल्या. वाफ उठली, बसली. धोंडीने पंजा टेकला. गार. "निजली गो," असं बायकोला, हौसाला, म्हणत तो कोळसा काढायला पाटी घेऊन खड्ड्यात उतरला आणि खाली बसला.

"आत्ताच दमलास? पाटी दे की वर," हौसा वरून म्हणाली. तो उठलाच नाही. बायामाणसांनी दोर लावून ओढला तेव्हा त्याचे ओठ लालबुंद होते, नवरदेवाने विडा खाल्ल्यागत.

तुम्ही अहवालात लिहिलंत, दारूच्या नशेत पडला.

नामदेव त्याचा मुलगा. मुंबईच्या कॉलेजात रसायन शिकणारा वाडीतला पहिला पोरगा. बातमी कळताच आला, तोवर बापाला माती दिलेली होती. तो तुमच्या शहापूरच्या कचेरीत गेला. त्याचं मागणं दोनच: बापाच्या नावावरची दारू पुसा, आणि पाण्याचा हुकूम मागे घ्या. पुढच्या भट्टीत त्याची आई उतरणार होती.

पाण्यानेच आत विषारी वायू झाला, असं तो म्हणाला, तेव्हा तुम्ही म्हणालात, पाण्यात विष कुठून येईल? त्याने खिशातला खडू काढला आणि तुमच्या फरशीवर मांडलं.

"तापलेल्या कोळशावर वाफ गेली की जुने बंध तुटतात. तोडायला उष्णता लागते. कोळशातला कार्बन सुटा करायला एकशेसत्तर किलोकॅलरी. पाण्यातले हायड्रोजन-ऑक्सिजनचे दोन बंध, एकशेदहा प्रत्येकी. झाले तीनशेनव्वद. मग नवे बंध जुळतात, तेव्हा उष्णता परत मिळते. कार्बन मोनॉक्साइडचे दोनशेछप्पन, हायड्रोजनचे एकशेचार. तीनशेसाठ. तीस किलोकॅलरी कमी पडतात. त्या भट्टीतूनच ओढल्या जातात."

तुम्हीही शिकलेले. चष्मा चढवून बेरीज तपासलीत. "बरोबर आहे. म्हणजे पाण्याने भट्टी लवकर थंड होते. हुकूम योग्यच, हे तूच सिद्ध केलंस."

"साहेब, गार झाली म्हणूनच तो उतरला. त्याच्या हाताला ह्या तीसने फसवलं. आणि आत जो विषारी कार्बन मोनॉक्साइड साचला त्याला ना वास, ना धूर. त्याच्यावरच तुमची मोटार चालते. टाकी पेटती ठेवून तुमचा ड्रायव्हर बंद गॅरेजात झोपेल का?"

"ड्रायव्हर जाणता माणूस आहे," तुम्ही म्हणालात, आणि शिपायाला फरशी पुसायला सांगितलीत.

घरी आल्यावर हौसाने विचारलं, काय गणित मांडलंस. त्याने चुलीपुढच्या राखेत बोटाने रेघ ओढली. इकडे तुटलेलं, तिकडे जुळलेलं, मधला फरक ती उष्णता.

तिने रेघेवर बोट ठेवलं. "मंग तुझा बाप कंच्या बाजूला धरलास?"

"त्यात माणूस मांडत नाय, आये."

"तरीच बरोबर आलं," ती म्हणाली, आणि राख चुलीत लोटली.

कॉलेजात त्या तीसचं त्याला किती कौतुक वाटायचं. आता रात्रंदिवस तीच बेरीज डोक्यात. ती चुकत नाही, हेच त्याला सोसवत नाही.

तुमच्या माणसांनी दुसऱ्या भट्टीवर पाणी ओतलंय. हौसा पाटी घेऊन कडेला उभी आहे, नामदेवने तिचा दंड धरून ठेवलाय. माती गार आहे, पंजा टेकून बघा. मग आधी तुम्ही उतरा. उतरता की नाही, तेवढं सांगा.