‘आपले मत लिहा’ची चौकट

मी वेबसाइटवरची ‘आपले मत लिहा’ ही चौकट बोलतेय, आणि खरं सांगते, मला माझीच किळस येते.

जळगावात मेहरूणला हितेंद्रभाऊंचं वेबसाइट बनवण्याचं छोटं ऑफिस आहे. चोपड्याकडच्या एका केळी उत्पादक संघाची वेबसाइट त्यांनी तयार सांगाड्यावर, म्हणजे आयत्या टेम्प्लेटवर, उभी केली. त्या सांगाड्यासोबत मीही आले. संघाला फक्त भाव आणि गाडी भरण्याच्या तारखा दाखवायच्या होत्या. मला कुणी मागितलं नव्हतं. पण बंदही केलं नाही.

शेतकऱ्यांनी माझ्यात कधी अक्षर लिहिलं नाही. लिहिलं ते भलत्यांनीच. जुगाराच्या जाहिराती, अचकटविचकट फोटो, शिव्या. जिन्याचा कोपरा दिसला की माणसं पिंक टाकतात ना, तशी रोज माझ्यावर घाण पडायची.

ऑफिसातली कामिनी वैतागायची. “भाऊ, हे कुणी वापरत नाही. बंद करते.”

“राहू दे गं. ते काय खायला मागतं? उगाच हात लावशील आणि दुसरंच काही बिघडेल.”

मग कुण्या नतद्रष्टाने संघाच्या नावाने माझ्यात लिहिलं, ‘उद्या गाडी येणार. घड कापून ठेवा.’

संघातल्या पितांबरनानांनी ते मोबाइलवर वाचलं आणि माणसं लावून सगळी बाग कापली. गाडी आलीच नाही. घड उन्हात काळे पडले.

नाना आणि त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी त्यातलाच एक घड आणून ऑफिसच्या टेबलावर ठेवला. चिकट पाणी कीबोर्डवर ओघळलं, माश्या घोंगावल्या. भाऊंनी नाकाला रुमाल लावला.

“नाना, ते आम्ही नाही लिहिलं. बाहेरचं कुणीतरी होतं.”

“तुमनीच साइटवर व्हतं ना?” नाना म्हणाले. “बठ्ठा माल सडी गया.”

यशोदाबाईंनी एवढंच विचारलं, “मंग दार उघडं कोनी ठेवं?”

कामिनीने या वेळी परवानगी मागितली नाही. त्या दोघांसमोरच तिने मला बंद केलं. मग माझ्यासारखेच न मागता आलेले बाकीचे भागही. काहीएक बिघडलं नाही. भाव दिसत होते, तारखा दिसत होत्या.

आता मी आत कुठेतरी निपचित पडून आहे. कुणाचा हात पोहोचत नाही. बरं वाटतं. तुमच्याकडेही माझ्यासारखं काही उघडं पडलं असेल, तर कृपा करून आजच बंद करा. एका बटणाचं तर काम होतं ते!

केळीचं खोड मात्र एकदाच घड देतं.