हंड्याखालची प्रार्थना

मोठ्या जावेच्या पार्लरमध्ये धाकटी जाऊ केस धुवायची, आणि जे डोकं हाताखाली येईल त्याच्यासाठी प्रार्थना करायची. मनातल्या मनात नव्हे हं, चांगली तोंडाने! फक्त त्यासाठी गिऱ्हाईक केस वाळवायच्या मोठ्या टोपीखाली बसलेलं लागायचं. त्या टोपीला सगळ्या हंडा म्हणत. एकदा स्वतः हंड्याखाली बसून धाकटीने खात्री करून घेतली होती, की त्या घरघरीत बाहेरचं अक्षरही ऐकू येत नाही. झालं! तेव्हापासून हंडा सुरू झाला की हिचं तोंड सुरू.

समोरासमोर कुणाला येशूबद्दल सांगायचं म्हटलं, की मात्र बोलती बंद. आधीच लाज, त्यात मोठीचा कायदा: रविवारी सगळे चर्चला जाऊ, पण दुकानात देव नको, राजकारण नको आणि नवऱ्याच्या तक्रारी नकोत. यातला शेवटचा नियम मोठी स्वतःच रोज कुलूप काढताना मोडायची.

त्या दिवशी हंड्याखाली चष्म्याच्या दुकानातल्या बाई होत्या. वय पन्नाशीचं, लग्न पहिलंच, आणि तेही त्याच दुपारी! केस धुताना त्या हळूच म्हणाल्या होत्या, "अगं, माणूस सोन्यासारखा आहे. मीच घाबरट. इतकी वर्षं एकटी राहिले, घरात कुणी खोकलं तरी दचकेन. वाटतं, इथूनच बस पकडावी आणि बहिणीकडे पळावं."

आणि खरंच, पर्स मांडीवर घट्ट धरून त्या दाराकडे बघत बसल्या होत्या. धाकटीने काहीतरी बोलायला हवं होतं, पण जीभ हलेल तर शपथ. तिने हंडा सुरू केला, डोळे मिटले आणि सुटली.

"प्रभू येशू, अरे बघतोस काय? या पळून चालल्यात, धर यांना! तो बिचारा कोट घालून वाट बघत असेल. तू यांच्याबरोबर त्या घरात जा, यांना एकटं वाटू—"

घरघर बंद पडली.

"—देऊ नकोस!" हे मात्र भर शांततेत, खणखणीत.

अगं बाई गं! धाकटीने डोळे उघडले तर प्लग निघालेला, आणि बाई हंड्यातून मान बाहेर काढून टकामका बघतायत. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"कुणाशी बोलत होतीस?"

"येशूशी."

"असं? शेजारणीशी बोलल्यासारखं?"

"मला दुसरं येतच नाही हो." आणि मग धाकटीची जीभ एकदाची सुटली. "लग्न होऊन आले ना, तेव्हा मलाही पळून जावंसं वाटायचं. भांडी घासता घासता येशूला म्हटलं, तू राहणार असशील तर मी राहते. तो राहिला. अजून आहे."

बाईंनी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मी कधी चर्चची पायरी चढले नाही. माझं ऐकेल?"

"माझं ऐकतो, म्हणजे बघा!"

"पण मला बाई लाज वाटते. तो हंडा लाव आधी."

भिंतीपाशी उभ्या असलेल्या मोठीने निमूट प्लग लावला. हंड्याखाली स्वतःचाच आवाज ऐकू येईना, म्हणून बाई ओरडूनच बोलू लागल्या, "अहो येशू! मी फार घाबरलेय! माझा हात धरा! आणि ते घोरत असतील तर तेवढं बघा!"

धाकटी हबकली. बाहेर तर शब्दन् शब्द ऐकू येत होता!

"ताई," ती मोठीला म्हणाली, "म्हणजे माझंही...?"

"रोज," मोठी म्हणाली.

बाकावर नंबराची वाट बघत बसलेली नळवाल्याची बायको खुदखुदली. "मी काय उगीच दर आठवड्याला केस धुवायला येते? घरी नळ आहे की!"

"आणि प्लग मीच काढला," मोठी म्हणाली. "जिच्यासाठी मागतेस तिला सोडून बाकी सगळ्यांनी ऐकायचं, हे किती दिवस चालवायचं गं? मोडला माझा कायदा."

धाकटीला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. तेवढ्यात हंड्याखालून "आमेन!" अशी आरोळी आली, आणि तिघीही "आमेन!" म्हणून ओरडल्या.

बाईंनी डोकं बाहेर काढलं. "कुणाला ऐकू नाही ना गेलं?"

"छे हो!" नळवाल्याची बायको म्हणाली.

"मला आलं," धाकटी म्हणाली. "आणि त्यालाही गेलं."

बाई लाजून लाल झाल्या, आणि घड्याळाकडे बघून ताडकन उठल्या. "अगं बाई, ते कोट घालून उभे असतील! माझे केस बांधा कुणीतरी!"

त्या गेल्या, लग्नालाच गेल्या. नळवाल्याची बायको लगेच रिकाम्या खुर्चीत येऊन बसली. "आता माझा नंबर. केस राहू देत."

धाकटीने प्लग काढून ठेवला आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसली.